दहा कोटी एक

अब्बा, तुमच्या आकड्याला भाग गेला. दहा कोटी एकला. सतराने. शेष काही राहत नाही.

भोरच्या एसटी स्टँडसमोरचं आपलं बांगड्यांचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक कमी, म्हणून तुम्ही मला लहानपणी भागाकार घालायचात. डझन भरून झाल्यावर बाईच्या हातात वरची एक बांगडी फुकट घालायची तुमची रीत. त्यातूनच हा आकडा निघाला. दहा कोटी बांगड्या आणि वर एक. “कर बरं सारखे वाटे.” तिनाने होईनात, साताने, अकराने, तेराने होईनात, तुमच्या रोजच्या मोजणीतल्या बाराने आणि सोळाने तर नाहीतच. “बघ, वरची एक असली की कुणाच्या वाट्यात बसत न्हाई.” पासली गावची एक म्हातारी हात पुढं करून कधीची बसलेली. “आदी माजा हात भरा की वो, दहा कोटी काय करू म्या?” तुम्ही इतके हसलात की तिच्या मनगटावर चढती बांगडी पिचली.

माझा नवरा गेला तेव्हा माझ्या बांगड्या तुम्हीच उतरवल्या, एकही न फोडता. शिवऱ्याला, माझ्या सासरी, ओसरीवर दीर ठरवत होते, वहिनीनं चार-चार महिने एकेकाकडं राहायचं, पोरं वेगवेगळ्या घरी ठेवायची. तुम्ही उठून उभे राहिलात. “माजी पोरगी दहा कोटी एक हाय. तिचे वाटे होत न्हाईत.” त्यांना काही कळलं नाही. मला कळलं. त्या एका वाक्यावर मी भोरला परत आले, दुकान चालवलं, पोरं एका चुलीवर वाढवली.

आता मी लायब्ररीतून गणिताची पुस्तकं आणते. मोठ्या आकड्याला तेरावर सोडायचं नसतं, हे त्यात वाचलं. पुढं सतरा घेतले आणि भाग गेला. तुम्ही तिथवर गेलाच नव्हता. बांगडीवाल्याला बारा, सोळा, वीस पुरतात. सतराचा पाढा दुकानात कशाला लागतो?

मग एकेक वाटा किती ते पाहिलं. अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न. याचे आणखी वाटे होत नाहीत. पुस्तकात लिहिलंय तसे मी त्याचे मधेच तोडून दोन तुकडे केले, पाचशे अठ्ठ्याऐंशी आणि दोन हजार तीनशे त्रेपन्न. प्रत्येकाला त्यानेच गुणलं, बेरीज मांडली. पुन्हा तोच आकडा, जसाच्या तसा. मी कितीतरी वेळ बघत राहिले.

तेव्हा त्या दिवशी तुम्ही चुकलात, अब्बा. वाटे होत होते. आणि झाले असते तरी मी मोडले नसते, हे मी आज तुमच्या आधाराशिवाय सांगते. तुम्ही वाचायला नाही, म्हणून हा कागद बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यात राहील. फक्त एक सांगते. सतराने भाग गेल्यावर मी तो भागाकार पुन्हा पुन्हा करून पाहिला. एक तरी उरावी म्हणून.