बाबांच्या वाट्याचा धूर

१५ डिसेंबर
बंद! आज चौथ्या दिवशीही बंद! सकाळी समाजमंदिराच्या छतावर जाऊन पाहते तर यंत्र मुकं. पहाटेच्या गारठ्यानं पंप आखडतो आणि चोवीस तासांचा कागद वाया जातो. घरी येऊन आदळआपट केली. "एवढी कायची थंडी लागते त्या मशीनले? स्वेटर घालून देऊ का आता!"

बाबा खाटेवरून म्हणाले, "मी बसतो ना पहाटे वर. मले कोणतं काम हाय?"

"तुमचा दम?"

"बसून राहाले दम कायले लागते?"

त्यांच्या दमासाठीच तर हा सगळा खटाटोप. घरामागे बाबुलाल सेठची मिल. धान उकडायच्या बॉयलरमध्ये दिवसरात्र भुसा जाळतात. दिवाळीपासून बाबा चार पायऱ्या चढले की कठड्याला धरून उभे राहतात. सेठ म्हणतो, धूर आमचा नाहीच. मग कोणाचा? ते शोधायलाच हे यंत्र, हवा ओढून तिच्यातली धूळ कागदावर धरणारं. आमच्या कॉलेजच्या मधुकरराव सरांनी ते कुठून कुठून मागून आणलं. मी त्यांच्या लॅबमधली साधी असिस्टंट, पण सर म्हणाले, हर्षा, तुझ्या वॉर्डातच लाव. मिलविरुद्धच्या तक्रारीची २७ जानेवारीला भंडाऱ्याला प्रदूषण समितीपुढे सुनावणी आहे.

१८ डिसेंबर
पंप चालला! पूर्ण चोवीस तास! पांढरा गोल कागद तव्याच्या बुडासारखा काळा. कॉलेजच्या काट्यावर तोलला, गणित केलं — घनमीटर हवेत तीनशे सात मायक्रोग्रॅम धूळ. साठच्या वर नको असतं. तीनशे सात! आनंद झाला मला. लिहायला लाज वाटते, पण झाला.

२४ डिसेंबर
बाबा रोज पहाटे वर बसतात तेव्हापासून पंप एकदाही बंद नाही. बाबांच्या हाताला गुण आहे! जिना चढायला त्यांना दहा मिनिटं लागतात, पण आई म्हणते, रिटायर झाल्यापासून माणूस पहिल्यांदा शीळ घालून राहिला.

३ जानेवारी
सूर्य दहाला दिसला. तोही पुसट. समोरचं पिंपळाचं झाड दिसत नव्हतं. दवाखान्यात लहान लहान लेकरं रांगेत, आयांच्या खांद्यावर खोकत.

मिलचा वकील म्हणतो म्हणे, ही नाकाडोंगरीकडची खाणीची धूळ. अहो, ती जाड असते, यंत्राच्या तोंडाशीच अडकते! आणि वारा आहेच कुठे? मग म्हणतो, मोहाडीकडचे शेतकरी तणस, धानाचा पेंढा, जाळतात. रविवारी स्कूटीवर मोहाडीपर्यंत जाऊन आले. धानाच्या बांध्या रिकाम्या, एकाही शेतात जाळ नाही. तणस लोकांनी गुरांसाठी रचून ठेवलंय. एका बाईनं उलट मलाच विचारलं, "तुमच्या तुमसरात काय जळते वो बाई? इथून काळं दिसते."

१० जानेवारी
नागपूरच्या लॅबला तपासायला पाठवलेल्या कागदांचा अहवाल आला. पोटॅशियम भरपूर, सिलिका भरपूर. धानाचा भुसा! सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "सापडला चोर!" सरासरी तीनशे चार. सगळे कागद आजच समितीकडे दाखल केले. यानंतर नवा पुरावा घेत नाहीत.

बाबांचा खोकला मात्र वाढलाय. पहाटेची हवाच तशी.

१६ जानेवारी


आज कॉलेजात परीक्षा, म्हणून कागद बदलायला साडेपाचलाच गेले. जिन्यातच धुराचा वास. वर बाबा उकिडवे बसलेले. घमेल्यात भुसा धुमसतोय, आणि घमेलं यंत्राच्या अगदी पायाशी!

"बाबा! काय करून राहिले तुमी!"

हसले ते. शाबासकी मिळेल असं वाटत होतं त्यांना. "शेक देऊन राहिलो मशीनले. तूच तं म्हणली होती, थंडीनं बंद पडते म्हणून. पाह्य, एकबी दिवस बंद नाही पडली."

भुसा कुठचा? मिलच्या फाटकापाशी ढीग असतो, तिथला. त्याच सेठचा भुसा! महिनाभर रोज! नागपूरवाल्यांनी काय चुकीचं सांगितलं?

मी काय काय बोलले! "साऱ्याची माती केली तुमी! तुमचाच धूर, तुमचाच दम, अन् मी साऱ्या गावाशी भांडून राहिली!" ते घाईघाईनं घमेलं उचलायला गेले, उघड्या हातांनी. बोटं भाजली.  हळूहळू जिना उतरले. मी धरायला गेले नाही.

१७ जानेवारी
सरांना सांगितलं. ते म्हणाले, "सगळे कागद बाद, हर्षा. आपणच सांगायचं, दुसऱ्या कोणी सांगण्याआधी."

२१ जानेवारी
यंत्र ठरल्याप्रमाणे आणखी चार दिवस चालवलं. पहाटेचा गारठा आता ओसरलाय, पंप बंद पडत नाही. कागद काढले, न बघताच डबीत कोंबले. तोलायचे कशाला? पुराव्याचं दार बंद झालं. त्या कागदांचं तोंड बघवत नाही.

२७ जानेवारी
समितीपुढे उभी राहिले आणि सांगितलं. यंत्रापाशी शेकोटी होती. माझ्या वडिलांची. वकील हसला नाही, उलट हळहळला! म्हणाला, "बिचाऱ्या मुलीची चूक नाही." त्यापेक्षा हसला असता तर बरं. प्रकरण बंद. परत येताना एसटीत सर खिडकीबाहेर बघत बसले.

घरी बाबांनी विचारलं, "काय झालं?"
मी म्हटलं, "काही नाही."

३० जानेवारी
बाबा चुलीपाशी बसत नाहीत. आंघोळीला गरम पाणीही नको म्हणतात. आईनं विचारलं, काहून जी? तर म्हणाले, "माह्या धुरानं पोरीचं काम बिघडलं. आता कायले जाळ पाहिजे मले?" मी आतल्या खोलीत ऐकलं. उठून जायला हवं होतं. गेले नाही. राग होता अजून.

४ फेब्रुवारी
बाबांना अॅडमिट केलं. न्यूमोनिया. बोटांवरचे फोड अजून वाळलेले नाहीत.

७ फेब्रुवारी
ऑक्सिजनची नळी काढून काहीतरी सांगत होते. कान जवळ नेला. "मशीन चालू हाय का?" हो म्हटलं. खोटं.

९ फेब्रुवारी
बाबा गेले.

२ मार्च
आई बोलत नाही. मिलची चिमणी रोजच्यासारखी. वाटतं, काय शोधत होते मी? सापडून तरी काय होणार होतं? लेकरं तशीच खोकतात. माझा बाप गेला, आणि जाताना सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन गेला. मीच दिला तो.

५ मार्च
यंत्र परत करायचं म्हणून डबी रिकामी केली. शेकोटी बंद झाल्यानंतरचे ते चार कागद निघाले. तोलले.

सरासरी दोनशे शहाण्णव.

शेकोटी होती तेव्हा तीनशे चार.

आठ. बाबांचे आठ होते फक्त. आठ!