तोंडात टाचण्या

१२ एप्रिल, सकाळी साडेसात
डॉक्टरांनी सांगितलंय, राग आला की हात उचलायच्या आधी वही उचलायची. बीपी एकशे साठ-शंभर. वय अडतीस, वजन शहाण्णव, आणि म्हणे मला राग जास्त येतो. हे ऐकून असा राग आला की कंपाउंडर दोन पावलं मागं सरकला. तरी वही आणली. शंभर पानी. मी शब्दाचा पक्का माणूस आहे.

आजपासून नियम. विनाकारण कुणालाही मारायचं नाही.

१२ एप्रिल, संध्याकाळ
कारण सापडलं.

केजच्या स्टँडवर उभा होतो. शेजारच्या मनकर्णाकाकूंची वैष्णवी (बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे) गर्दीत एकदम ओरडली, ह्यानं हात लावला म्हणून. ‘ह्यानं’ म्हणजे चौकटीच्या शर्टातला एक इसम. पुढचं मला तुकड्यातुकड्यात आठवतं. पहिल्या बुक्कीत त्याचं नाक गेलं. दुसरीत दोन दात, ते उसाच्या रसाच्या गाड्यावर सापडले. तो खाली पडल्यावर पब्लिक आलं. पन्नासेक जणांनी लाथा घातल्या. त्यातल्या निम्म्यांना काय झालं होतं हेही माहीत नव्हतं. एका आजोबांनी काठी आपटली आणि मग मला विचारलं, कावून मारायलेत ह्याला?

वैष्णवीला कुणी एक प्रश्न विचारला नाही. विचारायचंच काय? पोरगी म्हणते म्हणजे झालं असणार.

घरी येऊन बीपी मोजलं. एकशे तीस-चौऱ्याऐंशी. डॉक्टरांना यातलं काही कळत नाही.

१५ एप्रिल
लिंबागणेशला सत्काराचा कार्यक्रम. मी आणि हनुमान मिळून साठ फेटे बांधले. हनुमान अकरा वर्षांपासून माझा धंद्यातला पार्टनर. नाव हनुमान, वजन बावन्न किलो. पण कोल्हापुरी फेटा त्याच्यासारखा जिल्ह्यात कुणी बांधत नाही, अर्थात माझ्यानंतर.

सत्कारमूर्ती बद्रीनाना, आमच्या सर्कलचे पुढारी. नानांचा फेटा नेहमी मीच बांधतो.

आता आमच्या धंद्याची एक अडचण लिहून ठेवतो. गिऱ्हाईक खुर्चीवर बसतं, आपण त्याच्या पुढ्यात चिकटून उभे. दोन्ही हात वर, नऊ मीटर कापड ताणलेलं, तोंडात टाचण्या. मधेच हात सोडला तर सगळा फेटा पुढाऱ्याच्या तोंडावर येतो आणि आपला धंदा गेला. तर अशा वेळी नानांनी हात घातला. म्हणजे पँटवर. समोरून. आणि दाबलं, चांगलं पाच-सहा वेढे होईपर्यंत. भोवतीचे कार्यकर्ते हसले. नाना म्हणाले, एवढा पैलवान गडी अन् पोरीवानी लाजतो व्हय बे?

मस्करी आहे. पुरुषापुरुषांत चालतं. दिवाळीपासूनची ही तिसरी मस्करी.

तोंडात टाचण्या होत्या म्हणून बोललो नाही. हात वर होते म्हणून मारलं नाही. दुसरं काही कारण नाही. पुढच्या वेळी मनगट मोडणार. उजवं.

१६ एप्रिल
स्टँडवरचा व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला. खुद्द नानांचा फोन आला. १ मे रोजी माझा सत्कार, ‘नारीरक्षक’ म्हणून. फ्लेक्स लागणार. फोटो गॉगलमधला देणार आहे.

हनुमानला सांगायला गेलो. तो फेट्यांना इस्त्री करत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, नाना मलाबी सोडत न्हाई. मी म्हणालो, मस्करी करतात. तो म्हणाला, मागल्या रविवारी फेटा बांधायचाय म्हणून मळ्यातल्या खोलीवर बोलवलं, आतून कडी लावली, ते मस्करीतलं नव्हतं. मग त्यानं सगळं सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही. नको म्हणालो, असं त्यानं मला चार वेळा सांगितलं. इस्त्री तशीच ठेवल्यामुळं एक फेटा जळला.

मी विचारलं, मग हाणलं कावून न्हाईस? तो म्हणाला, तू हाणलंस का? मी टाचण्यांचं समजावलं, पुढच्या वेळी मनगट मोडणार हेही सांगितलं. तो म्हणाला, माझ्या तोंडात टाचण्या नव्हत्या बंकट, तरी हात उचलला न्हाई. कावून ते मलाच कळंना.

मी त्याच्या कानाखाली वाजवली. हे ऐकून घेण्यासारखं नव्हतं. बाईची गोष्ट वेगळी. पुरुषाला नको असेल तर होतच नाही. माझ्या बाबतीत तर काही झालेलंच नाही.

बीपी एकशे बहात्तर. मशीन बिघडलंय.

२० एप्रिल
चार दिवस प्रॅक्टिस. उद्दिष्ट: एकट्या डाव्या हातानं फेटा बांधणे, म्हणजे उजवा मोकळा. डोकं म्हणून पाण्याचा हंडा घेतला. कापड वरणात पडलं. बायको, सत्यशीला, म्हणाली की बाकीची माणसं रागाच्या भरात भांडी फोडतात, तुमी त्यांना फेटे बांधायलात, ही सुधारणाच हाय. बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काही नाहीच.

नवा प्लॅन. उजव्या पंजात मोठी सेफ्टी पिन, उघडी. नानांचा हात आला की खुपसायची. रक्त निघालं पाहिजे.

२३ एप्रिल
नांदूरघाटचं लग्न. नाना प्रमुख पाहुणे. पिन तयार.

नानांचा हात आला. या वेळी मांडीपासून. मी मूठ आवळली. पिन माझ्याच तळव्यात घुसली, अर्धा इंच. रक्त फेट्यावर सांडलं. नाना मोठ्यानं म्हणाले, बघा, आमच्यासाठी रक्त सांडणारा कार्यकर्ता! टाळ्या झाल्या. हात काही त्यांनी काढला नाही.

जेवणाच्या पंगतीत एक दारू प्यालेला माणूस नवरीच्या मैत्रिणींकडं टक लावून बघत होता. मी त्याला खुर्चीसकट उचलून आपटला. बुंदीच्या टोपल्यात. खुर्ची मोडली, तिच्या पायानं आणखी चार घातल्या. डोकं फुटल्यावर तो म्हणाला की मी नवरीचा मामा हाय. मग मुलीकडच्या अकरा जणांनी मला मांडवाच्या बांबूनं मारलं. मी तिघांना लोळवलं. चौथ्यानं भातवाढणी कपाळात घातली. सात टाके.

हनुमाननं जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. वाटेत एवढंच म्हणाला, तुला मारायचाय एकजण अन् मारतोस गावाला.

त्याच्या हातात स्टिअरिंग होतं म्हणून मारलं नाही.

२५ एप्रिल
हनुमानच्या बायकोनं, केशरबाईनं, सत्यशीलेला सगळं सांगितलंय. बायकांच्या पोटात काही राहत नाही. सत्यशीलेनं टाक्यांवर मलम लावता लावता विचारलं, तुमालाबी करतोय का तो?

मी म्हणालो, मला? शहाण्णव किलोच्या माणसाला? ती म्हणाली, वजन न्हाई इचारलं.

मी मिक्सरचं भांडं भिंतीवर फोडलं. शिवाय दोन स्टीलचे डबे आणि कपाटाचा आरसा. ती मलमाचं झाकण लावत म्हणाली, वैष्णवीला तुमी एक शब्द इचारला न्हाई. हनुमानभाऊजींना मात्र हाणलं कावून न्हाईस म्हणालात. त्या पोरीनं तरी कुटं हाणलं होतं?

याला उत्तर आहे. आधी खाली पडलेल्या काचा भरतो.

२७ एप्रिल
बोंबललं सगळं. हनुमान ठाण्यात गेला. तक्रार द्यायला. पुरुषासारखा पुरुष!

केशरबाईनं सत्यशीलेला सांगितलं ते असं. जमादारानं त्याच्याकडून सगळं दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्या वेळी बाकीच्या पोलिसांना ऐकायला बोलावलं. एकानं विचारलं, बरं वाटलं का न्हाई, खरं सांग. मग जमादारानं मोबाईलमध्ये कलम काढून दाखवलं, हे बघ, इथं महिला लिहिलंय, तू महिला हाईस का बे? शेवटी ‘नानांनी कोंडून ठेवलं, धमकी दिली’ एवढ्याच तक्रारीचा अर्ज घेतला आणि विचारलं, साक्षीदार कोण? हनुमाननं माझं नाव दिलं. वर सांगितलं की त्याच्यासंगटबी करतेत नाना, साठ माणसांसमोर.

दुपारपर्यंत गावभर. टपरीवर गेलो तर राम टेलर म्हणाला, काय बंकट, फेटा तू बांधतोस का नाना तुझं सोडतेत? त्याला चहाच्या पातेल्यानं मारलं, चहासकट. मध्ये पडलेल्या दोघांनाही. एकाचा ओठ फाटला. तरी हसणं थांबेना. पळता पळता हसत होते.

तिथून सरळ हनुमानच्या घरी गेलो. तो ओट्यावर फेट्यांच्या घड्या घालत होता. मी त्याला ओढून खाली पाडला, छातीवर बसलो, मारत राहिलो. त्यानं चेहरा झाकायला उजवा हात वर घेतला. तो धरून मी पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज आला. केशरबाई किंचाळत माझ्या पाठीत उलथणं मारत होती, ते मला नंतर कळलं.

हनुमान ओरडला नाही. म्हणाला, हे तू नानाला करणार होतास ना?

फेटे बांधायचा हात होता तो. अकरा वर्षं मी त्या हाताच्या शेजारी काम केलं. घरी आलो. बीपी मोजलं नाही.

२९ एप्रिल
निर्णय झाला. उद्या ठाण्यात माझा जबाब. सगळं सांगणार. हनुमानसाठी सांगणार.

कागदावर लिहून काढलं. कुठं, कधी, किती वेळ, कोण कोण हसलं. दिवाळी, संक्रांत, लिंबागणेश, नांदूरघाट. फुटक्या आरशासमोर सहा वेळा वाचलं. सहाव्यांदा आवाज एकदम खणखणीत. कुणी हसलं तर त्याचा जबडा राहणार नाही, पोलीस असला तरी.

मी आता शांत आहे. हे आधीच करायला हवं होतं.

३० एप्रिल
गेलो. बाकावर हनुमान, हाताला प्लास्टर, शेजारी केशरबाई. दोघांनीही माझ्याकडं पाहिलं.

जमादारानं खुर्ची दिली. नारीरक्षक म्हणून पाणीही दिलं. दोन पोलीस खुर्च्या ओढून जवळ आले, एकानं हातातला चहा खाली ठेवला. जमादारानं विचारलं, नानांनी तुमाला कुटं हात लावला का?

कागद खिशात होता. मी म्हणालो, लावला. कुटं? मी म्हणालो, खांद्यावर. वडिलांसारखा.

आणि हसलो. आधी मी हसलो, मग ते. मी एवढ्या जोरात हसलो की टाके ओढले गेले. म्हणालो, साहेब, माझ्याकडं बघा, माणसाला असं कुठं होतं का?

जमादारानं जबाब वाचून दाखवला. असा कोणताही प्रकार माझ्यासोबत अथवा माझ्यासमोर घडलेला नाही. मी सही केली. मग त्यांनी हनुमानला हाताचं विचारलं. तो म्हणाला, न्हाणीत पाय घसरला.

१ मे, सकाळ
सत्कार झाला. आठशे माणसं. वैष्णवीला बळेबळे स्टेजवर आणलं, हार घालायला. निवेदकानं माईक दिला. ती म्हणाली, मी ओरडले तेव्हा सगळे धावून आले, त्याबद्दल आभारी आहे. एवढं बोलून उतरली.

मग नानांनी शाल घातली. फोटोसाठी मला जवळ ओढलं. शालीखालून त्यांचा हात आला. फोटोग्राफर म्हणाला, अजून एक, अजून एक. चार फोटो झाले. माझ्या तोंडात काही नव्हतं. दोन्ही हात खाली होते. एका हातात नारळ होता, सोललेला, चांगला टणक. नानांचं डोकं वीतभर अंतरावर.

मी कॅमेऱ्याकडं बघत होतो.

१ मे, दुपारी दोन
शाल घेऊन तसाच हनुमानच्या घरी गेलो. दार वाजवलं. तो आला. मी उभ्याउभ्या सांगितलं सगळं. दिवाळीपासूनचं, आजचं सकाळचं. मला नको होतं हेही सांगितलं. ते सांगताना रडलो, शहाण्णव किलोचा माणूस, भर उन्हात, त्याच्या दारात. म्हणालो, चल, आत्ता ठाण्यात जाऊ, जबाब बदलतो.

तो म्हणाला, अर्ज काल संध्याकाळीच बंद केला त्यांनी. तुज्या सहीवर.

मग म्हणाला, हे मला कावून सांगतोस? मला म्हाईत हाय की सगळं. मी शेजारीच उभा असायचो.

केशरबाईनं आतून विचारलं, कोण हाय? तो म्हणाला, कोण न्हाई. आणि डाव्या हातानं दार लावून घेतलं.