तीन नंबरची टाकी आणि माझी जीभ

३ फेब्रुवारी
लोकांना गोडाचा कंटाळा आलाय. वर्षभर सांगतोय, ब्रुअरीत कोणी ऐकत नाही. कोणी म्हणजे धाकटी बहीण. भागीदारी निम्मी-निम्मी, ऐकायचं मात्र पूर्ण मी. सध्या नळांवर स्ट्रॉबेरी, पीच आणि एक निळी बिअर आहे. तिची चव कसली विचारलं, तर नळावरचा माणूस म्हणतो, निळी.
निश्चय: वीस वर्षांपूर्वीची आपली पहिली कडू बिअर परत आणायची. तिच्या जोरावर ही शेड उभी आहे.

४ फेब्रुवारी
धाकटीने तीन नंबरची टाकी दिली. एकदाच. अट अशी की बिअर खपली नाही, तर यापुढे प्रत्येक बॅच चाखून पास करायची सही ती करणार. वीस वर्षं ती सही माझी आहे. हसत हो म्हटलं.
तिने रेसिपीची जुनी वही पुढे केली. म्हटलं, वही नवशिक्यांसाठी. माझी रेसिपी जिभेवर आहे. म्हणाली, दादा, तरी जवळ असू दे. ठेवली. चहाच्या कपाखाली.

७ फेब्रुवारी, सकाळी ११
उकळी आली, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं टाकली, चाखलं. मिळमिळीत. व्यापाऱ्याने शिळे हॉप्स माथी मारलेत. दुप्पट टाकले.

११.४०
अजून मिळमिळीत. तिप्पट. नळवाला लांबून ओरडला, साहेब, डोळ्यांतून पाणी येतंय. नाजूक झालीत माणसं.

१२ फेब्रुवारी
बायको बाहेर जाताना म्हणाली, गॅसवर दूध आहे, लक्ष द्या. मी शेजारच्या खोलीत लेबलचा मजकूर लिहीत होतो. ती परतली तेव्हा पातेलं काळंठिक्कर. जिन्यात वास आला म्हणे, आणि तुम्हाला इथे बसून नाही? म्हटलं, एकाग्र होतो. ती म्हणाली, हिवाळ्यातल्या त्या सर्दीपासून तुमची एकाग्रता फारच वाढलीय. नाकाच्या डॉक्टरकडे जा.
सोमवारी जाईन.

२० फेब्रुवारी
सोमवारी जमलं नाही. लेबल जास्त महत्त्वाचं.

१ मार्च
बिअर नळावर लागली! पहिल्याच बाईंनी एक घोट घेतला आणि विचारलं, ही जेवणाआधी घ्यायची की नंतर? नळवाल्याने हे मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा तितक्याच आनंदाने.
साखरेने जिभा मेल्यात लोकांच्या. वेळ द्यावा लागेल.

५ मार्च
आठ ग्लास गेले, सात परत आले. पण आठवा मास्तरांचा. निवृत्त शिक्षक, पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. ग्लास रिकामा करून म्हणाले, तीच! अगदी तीच! मला भरून आलं. जाणकार एक असला तरी पुरे.

१० मार्च
मास्तरांना म्हटलं, तुमचं वाक्य लेबलवर छापतो. म्हणाले, छाप की. तसं गेल्या वर्षीच्या ऑपरेशनपासून मला चवीचं काही कळत नाही, पण तुझा चेहरा बघवेना.
छापावं की नाही, विचार चालू आहे.

१८ मार्च
धाकटीने टाकी गटारात रिकामी केली. सहीचा कागद तिच्याकडे गेला. तात्पुरता. आता त्याच टाकीत ती तीच बिअर करतेय, वहीत बघून. वहीवरच्या कपाच्या डागातून आकडे वाचत होती. तोंडघशी पडेल तेव्हा सांभाळून घेऊ.

२ एप्रिल
नाकाच्या डॉक्टरकडे गेलो, बायकोचं तोंड बंद व्हावं म्हणून. डोळे मिटून सहा बाटल्या हुंगायच्या होत्या. सहाही झटक्यात सांगितल्या: कॉफी, साबण, पुदिना, वगैरे. डॉक्टर म्हणाले, तिसरी रिकामी होती. बाकीच्यांबद्दल काही बोललेच नाहीत.
त्यांच्या बाटल्या जुन्या वाटल्या.

१४ एप्रिल
धाकटीची बॅच नळावर. पाठ धरलीय सांगून घरी झोपून राहिलो.

१८ एप्रिल
चार दिवसांत संपली. कॉलेजातली पोरं म्हणतात म्हणे, गोड पिऊन वीट आला होता, असं काहीतरी हवं होतं. पीचचा नळ काढला. हे मी वर्षभर सांगत होतो! बायको म्हणाली, हो, तुमचंच खरं झालं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच जरा विचित्र वाटलं.

९ मे
दुसरी बॅच तयार. धाकटीने ग्लास आणला, शेजारी सहीचा कागद. म्हणाली, दादा, पहिली तुझ्याशिवाय गेली, मनाला लागलं. ही तूच पास कर.
रंग बरोबर. फेस बरोबर. फेसात नाक घातलं. एक घोट घेतला, वीसपर्यंत मोजेस्तोवर तोंडात धरला. मग दुसरा. नळवाला नळ पुसायचा थांबला होता.
कागद तिच्याकडे सरकवला. म्हटलं, सही तू कर. ती म्हणाली, करते रे, पण कशी झालीय ते तरी सांग.
म्हटलं, गार आहे.