हवालदाराला पोचवताना

१२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या नणंदेनं माझ्यापुढे ऑम्लेटची बशी ठेवली आणि खा, मी आलेच म्हणाली, त्या घटकेला माझं आयुष्य बदललं. मी शहाण्यासारखा खात बसलो आणि ती मागच्या दारानं बॅग घेऊन नोकरीच्या गावी निघून गेली. तू म्हणतेस, विसर. कसं विसरू? माझ्यासमोर रडू येईल म्हणूनच ती न सांगता गेली, एवढं साधं तुला कळत नाही? मनात काही नसतं तर तिनं माझ्यासाठी चूल कशाला पेटवली असती?

कॉलेज सोडलं ते सोडलं. बाबांनी पुन्हा विषय काढू नये. तिचा पत्ता तेवढा पाठव. भाऊजींना नमस्कार, आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकणाऱ्या तुमच्या हवालदाराला माझ्यातर्फे एक बिस्कीट.

तुझ्या मायेच्या भरवशावर असलेला,
धाकटा

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ह्यांना हसू आवरेना, मला मात्र रडू आलं. बाबांसमोर दार असं आपटलंस म्हणे, की बिजागरी निखळली आणि सुताराला बोलवावं लागलं. किती रे डोक्यात राख घालून घेशील!

पत्ता हवाय ना? मग एक काम कर. वन्सं गेल्यापासून हवालदार दिवसभर दाराशी बसून असतो आणि ह्यांच्या बुटांत नेमानं मुततो. वन्सं त्याला तिकडे मागवताहेत. आम्हाला कुणालाच रजा नाही, तू नाहीतरी रिकामा आहेस, आणि वन्संनी तुझंच नाव काढलंय.

परत निघताना त्याचा निरोप घेत बसू नकोस, रडून घर डोक्यावर घेतो. पुढ्यात अंडं ठेवायचं आणि तो खाण्यात गुंतला की हळूच सटकायचं. ही वन्संचीच युक्ती, कधी फसत नाही.

प्रवासात त्याचा गळपट्टा सैल सोडू नकोस. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी ताई

३ मार्च

ताई,

मायना लिहायला हात होत नाही, तसंच वाच.

कुत्र्याला माणसांच्या डब्यात घेईनात, म्हणून मीच सामानाच्या डब्यात बसलो. शेजारी कोंबड्यांचे पिंजरे. एकीनं जाळीतून चोच मारली, तर तुमचा शूर हवालदार थेट माझ्या शर्टात शिरायला लागला. वाटभर त्याला तिच्याबद्दल सांगत होतो. तोही शेपटी हलवून होला हो करत होता.

दार एका दातांच्या डॉक्टरनं उघडलं. भिंतीवर त्याच्या आणि तिच्या, मला पत्ता लागू न देता उरकलेल्या लग्नाचा फोटो होता. तिच्या मागे तू उभी, ठेवणीतल्या कपड्यांत, तोंडभर हसतेस. म्हणजे मला पाठवताना तुला सगळं माहीत होतं! वर तिनं माझं नाव काढलं म्हणून लिहितेस? तिनं नवऱ्याला करून दिलेली माझी ओळख ऐक: वहिनीचा भाऊ, रिकामाच असतो, त्यालाच पाठवते असं वहिनी म्हणाली. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर तरी याला अक्कल येईल, असं तुला वाटलं असेल. आली. पण असलं औषध वैऱ्यालाही देत नाहीत, ताई.

हवालदार तिला चाटून आला आणि माझ्या पायांवर बसला. उठेचना. ती हसून म्हणाली, हा काही तुला सुखासुखी सोडायचा नाही, थांब. आतून तिनं त्याच्यासाठी अंडं आणलं आणि माझ्यापुढे बशी ठेवली. ऑम्लेट. खा, मी आलेच म्हणाली.

युक्ती कधी फसत नाही, हे तू खरं लिहिलं होतंस.

लोभाचं काही मागत नाही. उत्तर पाठवू नकोस.

धाकटा

ता. क. ऑम्लेट मी हवालदारापुढे सरकवलं. मान खाली घालून तो खात होता, शेपटी हलवत, सगळं घर आपलंच असल्यासारखा. त्यानं वर बघू नये म्हणून चपला हातात घेतल्या, बाहेर आलो आणि जन्मात पहिल्यांदा दार न आपटता लावून घेतलं.