नक्षी माझ्याच अंगठ्याने देशाबाहेर गेली, त्याची पावती मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सीमाशुल्क कचेरी, निर्यात शाखा,
पाडांग बंदर, पश्चिम सुमात्रा.

अर्जदार : दाह्नियार, कुळातील थोरली बाई, मु. सुंगाई बातुआ.

विषय : फोनच्या मार्गाने परदेशी गेलेल्या एका नक्षीवर माझ्याकडून शुल्क अथवा दंड वसूल करून तशी पावती माझ्या नावे देणेबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीचे गेल्या सोमवारचे लेखी उत्तर, "अर्जदाराने नमूद केलेला कोणताही माल बंदरातून गेल्याची नोंद नाही."

महोदय,

१. आपल्याकडे येणारे अर्ज बहुधा शुल्क माफ व्हावे म्हणून असतात. हा अर्ज शुल्क लागावे म्हणून आहे. तो चुकून भलत्या गठ्ठ्यात पडू नये, म्हणून हे आरंभीच नमूद करते. आमच्या गावात घर, शेत आणि माग आईकडून मुलीकडे जातात, आणि ज्या बाईच्या शब्दावर ते जातात ती आमच्या कुळात सध्या मी आहे. लोक मला बुन्दो म्हणतात. अंगठा उमटवण्यापूर्वी कोणाचा सल्ला घेण्याची सवय मला नाही. पुढील सर्व प्रकार त्या सवयीतून घडला आहे.

२. आमच्या घरी जरीच्या कापडावर 'ओंजळीतले पाणी' ही नक्षी विणली जाते. मुलगी प्रथम मागावर बसते त्या दिवशी तिला शपथ दिली जाते की धागा, काडी, माग आणि शिकवणारा हात ती नदीपलीकडे नेणार नाही. ही शपथ देण्याचा मान माझा आहे. माझ्या मयत धाकट्या बहिणीची मुलगी युस्निमार हिलाही ती मीच दिली, आणि तिने ती आजतागायत पाळली. मी पाळली नाही.

३. यंदाच्या ईदनंतर रेत्नो नावाची एक शहरी बाई गावात आली. ती परदेशातील एका कंपनीसाठी काम करते. त्या कंपनीचे दुकान फोनमध्ये असते. विणकर बायांना नवा व्यापार शिकवण्यासाठी आपण आलो आहोत असे तिने सांगितले, आणि सर्वांना सोडून ती प्रथम माझ्या ओसरीवर आली. हे मला आवडले, हे लपवण्यात आता अर्थ नाही. ती म्हणाली, "बुन्दो, तुमच्या आईचं नाव जगभर वाचतील. नक्षीखाली लिहू आपण." माझ्या आईचे नाव तिच्या कबरीवरच्या दगडाखेरीज कोठेही लिहिलेले नाही. मी पेटीतून जुनी नमुनापट्टी काढली. रेत्नोने तिचे छायाचित्र घेतले आणि, ताण्याचे किती धागे उचलायचे व किती सोडायचे, ते ओळीओळीने मोठ्याने सांगण्याची मला विनंती केली. फोन ऐकत होता. मी सांगत गेले. शपथेत धागा आहे, काडी आहे, माग आहे, हात आहे. आवाज नाही, असा न्याय मी मनातल्या मनात केला. शपथ देणारीनेच शपथेतली फट शोधली, अशी याची नोंद घ्यावी.

४. त्यानंतर फोनवर एक लांबलचक मजकूर आला आणि त्याच्या तळाशी 'मान्य आहे' असे लिहिलेला चौकोन होता. माझ्या डोळ्यांना तो मजकूर दिसत नव्हता, परंतु पाहुणीसमोर तसे सांगणे मला कमीपणाचे वाटले. युस्निमार चुलीवरचे रेंदांग हलवायचे सोडून दारात आली आणि म्हणाली, "माक तुओ, मी वाचून दाखवते, मग दाबा. घाई काय आहे?" माक तुओ म्हणजे आमच्याकडे थोरली मावशी. मी तिला परक्या बाईसमोर उत्तर दिले, "माझ्या अंगठ्याला आता तुझी परवानगी लागणार का गं? जा, तुझं मटण करपतंय." ती गेली. मी दाबले. तो मजकूर पुढे शाळेच्या गुरुजींनी मला वाचून दाखवला. एकदा दिलेले परत मागता येणार नाही आणि तंटा झाल्यास निवाडा कंपनीच्या देशातील न्यायालयात होईल, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. युस्निमार मागाच्या दोन फेऱ्यांत तो वाचून मोकळी झाली असती.

५. आणखी एक बाब येथेच सांगणे भाग आहे. फोन माझा आहे, परंतु त्यातील नंबर युस्निमारच्या नावावर आहे. प्रत्येक नंबर ओळखपत्र आणि कुटुंबपत्र दाखवून नोंदवावा असा सरकारचा नियम आला, तेव्हा फोनच्या दुकानात रांग लागली. सुंगाई बातुआच्या बुन्दोने कालच्या पोराला आपली ओळख पटवून द्यावी, हे मला रुचले नाही. मी युस्निमारला पाठवले. तिने विचारले, "तुमचा नंबर माझ्या नावावर? उद्या काही झालं तर?" मी म्हणाले, "फोनने काय होणार आहे? चावणार आहे?"

६. पुढे पावसाच्या दिवसांत बुकिटिंगीच्या बाजारात परदेशी छापील कापडाचे तागे आले. त्यावर 'ओंजळीतले पाणी' होते. आमच्या गावच्या बाया ते टेबलावर अंथरायला घेऊन आल्या. ते कापड आपल्याच बंदरातून, रीतसर शुल्क भरून, शिक्क्यानिशी आले आहे. ताग्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे. कापड आले त्याला कागद आहे. नक्षी गेली तिला कागद नाही. नक्षीखाली माझ्या आईचे नावही नाही.

७. गावची सभा बसली. सभेत आमच्या कुळांतील मामा लोक बसतात आणि अध्यक्षस्थानी दातुक पांदुको असतात. नक्षी ज्या नंबरावरून गेली तो कोणाचा याची चौकशी झाली आणि तो युस्निमारचा निघाला. दातुकांनी तिला विचारले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. "नंबर माझ्याच नावावर आहे," एवढेच ती म्हणाली. हे अक्षरशः खरे होते. तेव्हा दातुक माझ्याकडे वळून सर्वांसमक्ष म्हणाले, "बुन्दो, शपथेचं घर तुमचं, आणि डाग पण तुमच्याच घरात लागावा! आम्हाला तुमचं वाईट वाटतं." समोर पानाचे तबक होते. मी पान उचलले आणि चघळत बसले. तोंडात पान असता बोलता येत नाही, असे मी स्वतःला सांगितले. महोदय, शुल्काचा दर ठरवताना नक्षीपेक्षा हे पान अधिक जड धरावे.

८. त्या दिवसापासून युस्निमारला मागावरून उठवले आहे. तिचा धोटा सभेने ठेवून घेतला आहे. शेजारच्या लग्नात तिने केलेले रेंदांग पंगतीत कोणी वाढून घेतले नाही. पातेले जसे गेले तसे परत आले, आणि तिने ते माझ्यासमोर न रडता घासून ठेवले. पुढच्या शुक्रवारी, दिनांक २० रोजी, जुम्म्याच्या नमाजानंतर अंतिम निर्णय आहे. तो विरुद्ध गेल्यास तिला रीतीबाहेर टाकतील. मग तिला घर नाही, माग नाही, आणि तिच्या सुखदुःखाला गावातले कोणी येणार नाही. याच एका गोष्टीसाठी हा अर्ज आहे. बाकी सर्व मजकूर तिच्या पुष्ट्यर्थ समजावा.

९. मी कबुली दिली नाही असे आपण समजू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दातुकांच्या घरी चालत गेले आणि घडले ते सर्व सांगितले. त्यांनी मला कॉफीच्या पानांचा कावा पाजला आणि म्हणाले, "भाचीसाठी एवढा कमीपणा घेताय! अशी बाई पुन्हा होणे नाही." मी आवाज चढवला तसे त्यांचे डोळे भरून आले. मी छापील कापड पुढे केले आणि तिसऱ्या ओळीतील चूक दाखवली. दृष्टी अधू असल्याने मी नमुनापट्टीवरचे धागे मोजताना तेथे चुकले होते, आणि ती चूक कापडात जशीच्या तशी उतरली आहे. यावर ते हसून म्हणाले, "झालं तर! बुन्दो चुकतात का कधी? चूक आहे म्हणजे पोरीनंच मोजलंय." मी आयुष्यभर मिळवलेला मान असा माझ्याच आडवा उभा राहिला आहे. अखेर ते म्हणाले, "म्हैस बाजारात न्यायची तरी शिक्का लागतो, बुन्दो. दालचिनीचं पोतं गावाबाहेर काढायला शिक्का लागतो. तुम्ही पाठवलं म्हणता, तर शिक्का आणा. मी सभेपुढे ठेवतो." तो शिक्का मिळावा म्हणून मी आपल्या दारात आले.

१०. आपल्या कचेरीच्या पायऱ्यांना कठडा नाही. तो बसवून घ्यावा. माझ्या वयाची माणसे सहसा आपल्याकडे येत नसतील, पण येतात हे आता दिसले आहे. आत मात्र आपल्या लिपिकाने मला खुर्ची दिली आणि सर्व ऐकून घेतले. तो म्हणाला, "बुन्दो, पेटी असती तर उघडली असती, पोतं असतं तर वजन केलं असतं. तुमचं तर काहीच नाही. तारेतून गेलेल्या मालावर जकात लावायची नाही, असं देशोदेशीच्या सरकारांनी मिळून ठरवलंय. जकात नाही, म्हणजे पावती नाही." हा ठराव किती दिवस चालायचा असे मी विचारले. पुढल्या वर्षी मंत्री पुन्हा बसतील आणि मुदत वाढवायची की नाही ते पाहतील, असे कळले. युस्निमारची सभा पुढच्या शुक्रवारी आहे. मंत्र्यांना त्यापूर्वी बसता येईल का, याची चौकशी करण्याइतकी मी अडाणी नाही. तरीही मी ती केली.

११. तेथून मी फोनच्या कचेरीत गेले. नंबर माझ्या नावावर करून द्या, आणि तो ईदपासून माझाच होता असे लिहून द्या, अशी मागणी केली. खिडकीतली मुलगी म्हणाली, "नाव आजपासून बदलतं, आजी. मागच्या तारखेला नियमात जागा नाही. ज्याच्या नावावर नंबर, त्याचंच बोलणं." मी तिला विचारले, मग माझे बोलणे कोणाचे? तिने पुढच्या माणसाला हाक मारली. ज्या रांगेत उभे राहणे मी एकदा टाळले होते, त्याच रांगेतून मला बाजूला करण्यात आले. याबद्दल माझी तक्रार नाही.

१२. सबब माझ्या विनंत्या पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) सदर नक्षी मी, दाह्नियार, हिने देशाबाहेर पाठवली असे धरून तीवर कितीही क्षुल्लक शुल्क लावावे आणि पावतीवर माझे नाव ठळक लिहावे.

(आ) शुल्क लावता येत नसल्यास, शुल्क न भरता माल चोरून नेल्याबद्दल माझ्यावर खटला भरावा. चोरीला कागद लागतोच.

(इ) तेही शक्य नसल्यास, आपल्या सही-शिक्क्यानिशी एवढेच लिहून द्यावे की अशी वस्तू कोणीही, कोठूनही, कोणाच्याही नावाने पाठवू शकते आणि सरकारला ते कळत नाही. यातून मी दोषी ठरणार नाही हे मला समजते. परंतु युस्निमार तरी दोषी ठरणार नाही.

१३. शुक्रवारपर्यंत यांपैकी काहीच हाती न आल्यास मी काय करणार आहे, हे आपणांस आधीच कळवणे माझे कर्तव्य समजते. आमच्या घरी आणखी एक नक्षी आहे. तिचे नाव 'पावसातली म्हैस'. ती विकली जात नाही आणि लग्नात नेसली जात नाही. घरातील थोरली बाई गेली की तिच्या जनाज्यावर त्या नक्षीचे कापड घालतात आणि ते तिच्या मागून येणारीने विणायचे असते. माझ्या आईसाठी ते मी विणले. माझ्यासाठी ते युस्निमारने विणायचे आहे. शुक्रवारी भर सभेत, दातुक आणि सर्व मामांच्या देखत, मी तो फोन मांडीवर घेणार आहे. 'पावसातली म्हैस' पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने सांगणार आहे आणि त्याच चौकोनावर हाच अंगठा ठेवणार आहे. मग कोणाचा अंगठा आणि कोणाचा आवाज, हे सभेला दाखवायला कोणताही शिक्का लागणार नाही. माझ्या जनाज्यावर कोणते कापड पडेल ते मग परदेशातला छापखाना ठरवील.

१४. युस्निमारला हे सांगितलेले नाही. सांगितल्यास ती फोन विहिरीत टाकील आणि स्वतः रीतीबाहेर जाईल, इतके मी तिला ओळखते. आपणही तिला कळवू नये.

१५. त्या दिवशी आपला एक अधिकारी गणवेशात सभेस हजर ठेवावा अशी शेवटची विनंती आहे. माल देशाबाहेर जाताना अडवणे हे जर सरकारचे काम असेल, तर त्याने पुढे होऊन माझा हात धरावा. आजवर माझा हात कोणी धरलेला नाही. या वेळी मी तो ओढून घेणार नाही.

वाकण्याची सवय नसूनही आपणांपुढे वाकलेली,
आपली नम्र,

(अंगठा)
दाह्नियार
सुंगाई बातुआ, दिनांक १२ ऑक्टोबर २०२३

सोबत जोडलेले :
१. परदेशी छापील कापडाचा तुकडा, तिसऱ्या ओळीतील माझ्या चुकीवर खूण करून.
२. ताग्यावरील शुल्क भरल्याची चिठ्ठी.
३. नंबर युस्निमारच्या नावे असल्याचा फोन कचेरीचा कागद.
४. 'ओंजळीतले पाणी', जुनी नमुनापट्टी. पाहून झाल्यावर सांभाळून परत करावी.

टीप : 'पावसातली म्हैस' हिचा नमुना जोडलेला नाही. ती अद्याप घरातच आहे.