मौनाच्या सोमवारी आलेले पाहुणे

रत्नागिरी, श्रावणातला बुधवार

ती. उमावन्सं यांना मनस्विनीचा साष्टांग नमस्कार (साष्टांग लिहिण्यापुरताच; माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत). देवरुखात पाऊस उघडला का? खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा पिताय ना, की नुसताच उकळून झाकून ठेवताय? फोनच केला असता, पण कानाचं यंत्र तुम्ही कपाटात जपून ठेवता, आणि मग मला सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलावं लागतं. आजची हकीकत तशी बोलण्यासारखी नाही.

परवा सोमवारी आमच्या सोसायटीचे दोन सुरक्षारक्षक मला न विचारता थेट स्वयंपाकघरात शिरले. हीच ती सोसायटी, जिथे मे महिन्यात तुम्ही फणस घेऊन आलात तेव्हा माझ्या मोबाइलवर परवानगी येईपर्यंत तुम्हाला गेटवर उन्हात उभं केलं होतं. नणंदेला परवानगी लागते, रखवालदाराला लागत नाही.

मूळ कारण आपला अनिश. आईने एकटीने राहू नये, घर बंद करून बंगळूरला यावं, असा त्याचा धोशा आहे. मुलगा गुणी आहे, सूनही चांगली आहे. पण तुमच्या भावाने निवृत्तीनंतर घेतलेलं हे तळमजल्याचं घर, मागच्या दारी त्यांनी लावलेला अनंत, हे सोडून आठव्या मजल्यावर जायचं म्हटलं की मला रात्रभर झोप लागत नाही.

तर सोमवारी उपास सोडायला बसले होते. केळीचं पान, वालाचं बिरडं, खीर, आणि आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या घासापर्यंत मौन. (कॉन्व्हेंटात सिस्टर जेवताना बोलू देत नसत, त्यामुळे सासरचा हा एक नियम मला सोपा गेला. बाकीचे नाही.) तेवढ्यात अनिशचा फोन. सवयीने डाव्या हाताने उचलला आणि बोलता येणार नाही हे उचलल्यावर आठवलं. तो "आई, आई" करतोय आणि मी नुसती "हं, हं". या घरात वाढलेला मुलगा, पण बंगळुरात श्रावण येत नसावा. त्याने गेटवर कळवलं की आईची वाचा गेली.

मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्यातून सुपरवायझर निलेश आणि मागून आमचा वयस्कर श्रीपती आत आले. निलेशचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण नुकतंच झालेलं. लकवा ओळखायला म्हणून त्याने मला हात वर करायला लावले, मग हसून दाखवायला सांगितलं. एका गालात बिरडं असताना माणूस जसं हसेल तशी मी हसले. तोंड वाकडं झालंय, असं त्याने व्हिडिओ लावून अनिशला दाखवलं. मी पानाकडे बोट केलं, तर घास अडकला समजून श्रीपतीने पाठीत दणके घातले. पान टाकून उठायचं नाही, म्हणून मी भराभर जेवत सुटले. पुन्हा खीर वाढून घेतली, तेव्हा श्रीपती हळूच म्हणाला, "निलेशभाऊ, वाचा गेलेला माणूस खीर वाढून घेईल काय?"

जेवण संपवून हात धुतला. कुणाच्या परवानगीने आत आलात, हे इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं (रागावायला मला अजून इंग्रजीच लागतं). पण मागच्या दारात पाहिलं, तर त्या धांदलीतही दोघांनी बूट बाहेर काढून ठेवले होते. आणि श्रीपती अजून माझ्या तोंडाकडे निरखून बघत होता. म्हणाला, "मावशी, आमची आय अशीच गेली वो. घरात कोण नव्हता."

मी म्हटलं, "बसा. भात आहे अजून."

दोघे जेवले. अनिश आधी रडला, मग चिडला. आता त्याने निक्षून सांगितलंय की दिवाळीच्या आत घरात सोबतीला कोणी आलं नाही, तर तो स्वतः येऊन कुलूप लावणार. मीही गप्प बसले नाही. रहिवाशाच्या परवानगीशिवाय रक्षकाने घरात पाऊल टाकू नये, असा खरमरीत अर्ज सोसायटीला दिला आणि अध्यक्षांनी तो मान्यही केला.

शेजारच्या गोदाताईंना माझा नमस्कार सांगा. तब्येतीला जपा.

तुमची,
मनस्विनी

ता. क. नियम झाला, त्याच संध्याकाळी घराची जादा किल्ली श्रीपतीकडे देऊन ठेवली. अध्यक्षांना कळवलेलं नाही.

आणखी एक. पुढची खोली रंगवून घेतली आहे. तुमच्या आवडीचा फिकट पिवळा. खाटही खिडकीशी सरकवली. देवरुखात तुम्ही एकट्या, इथे मी एकटी. नुसतं भेटायला नको, राहायलाच या. सोमवारी समोरासमोर पानं मांडून गप्प जेवू, उरलेले दिवस भांडू.

शेवटचं. उमाआत्या राहायला आली, असं मी अनिशला काल सांगून टाकलं आहे. रविवारी तो तुमच्याशी बोलायला फोन करणार आहे. खोटं बोलू नये, असं सिस्टरांनी जन्मभराचं शिकवलं होतं. तरी शनिवारच्या एसटीने निघालात, तर ते खोटं उरणार नाही. येताना यंत्र घेऊन या.