दोन बोटं माया

आई, आज दुपारी मी माझ्या निळ्या ब्लाउजला आतून आणखी एक टीप मारली. दिवाळीपासूनची ही तिसरी. मशीन तुझंच आहे, अजून कुरकुरत का होईना चालतं, आणि टीप अगदी सरळ आली. यात सांगण्यासारखं काय, असं तू म्हणशील. खरंच काही नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगावं असं तर मुळीच नाही. तू गेलीस त्या वयाला मी आता दोन वर्षं मागं टाकलंय, एवढंच ध्यानात ठेव आणि पुढचं वाच.

सात रस्ता चौकातलं ते काचेच्या दारांचं कपड्यांचं दुकान आठवतं तुला? मी नववीत. दिवाळीचा बाजार. तू गणवेशाच्या कारखान्यातून सुटून तशीच आलेली, केसांत कापडाचा भुसा. मला एक गुलाबी पंजाबी ड्रेस आवडलाय, त्याच्या ओढणीवरून माझा हात निघत नाही, आणि तू भर दुकानात तो उलटा करून शिवणीत बोटं घालतेस. "वरनं कीर्तन अन् आतनं तमाशा! माया कुटं हाय ह्यात?" माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, अंग भरलं की उसवायचं, सैल करायचं. निदान दोन बोटं तरी हवी, हा तुझा हट्ट. दुकानदार हसून म्हणाला, "मावशी, माया घरी मिळते. हितं कपडे मिळतात." सगळं दुकान हसलं. तू ड्रेस घडी घालून त्याच्यापुढं ठेवलास. "मग घरीच जातो की आमी," म्हणालीस आणि निघालीस. मी घरी, कुंभारीला पोचेपर्यंत तोंड फुगवून. वाटेत तू झापलंस, "लाज कसली वाटती गं? आदी पेटी उघडायची, मंग पिशवी. घरात हाय त्यातल्या कशावर चालंल, तीन वर्सं अंगावर ठरंल का, त्ये इचारायचं. न्हाय ठरत तर ठिवून यायचं." त्या दिवाळीला तू माझा जुनाच ड्रेस उसवून सैल केलास आणि खाली तुझ्या विरलेल्या इरकलीचे काठ लावलेस. वर्गातल्या दोघींनी विचारलं, कुठून घेतला गं? मी सांगितलं, पुण्याहून. तुला हे कधी बोलले नव्हते.

आता मीच घरी बसून आल्टरची कामं करते. बायका पिशव्या भरभरून कुडते आणतात, चिठ्ठीसुद्धा न काढलेले. वर्षात अंग बदललं, आत माया नाही, टाकून द्यायचे. मी तुझ्यासारखीच झापते त्यांना. पोरीलाही सोडत नाही. तिचं कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळतात, तरी फोनवर बोट फिरतच असतं. "अगं बाई, आधी कपाट उघड, मग फोन!" ती म्हणते, "आई, तुझ्या कपाटात दुष्काळ पडलाय, माझ्यावर कशाला ओरडतेस?" माझे पाच ब्लाउज, सात साड्या, सगळं आलटून पालटून, आणि एकही कपडा अंगावर ढगळ नाही. गल्लीतल्या बायका म्हणतात, तुमच्याकडून शिकावं. मी मिजाशीत असते.

पण हे अंगावर नीट बसणं काय असतं, ते मला माहीत आहे. मी एकोणीस वर्षांची. तू चुलीपुढं भाकरी थापतेस, पाठ माझ्याकडं. म्हणतेस, "ब्लाउज जरा सैल व्हायलंय बग. आत टीप मार की." मी मशीन नुकतंच शिकलेली, मला केवढा आनंद! वर चेष्टा केली, "बारीक झालीस गं, हिरॉईन दिसतीस." तू हसलीस. महिन्याभरात पुन्हा तेच. मग पुन्हा. मी दर वेळी जुन्या टिपेच्या आत नवी टीप मारत गेले. कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, कसं झ्याक बसतंय अंगाला. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? तू ठामपणे म्हणालीस, "न्हाय ओ, कापडं तर तीच हायती माजी, नीट बसत्यात की." त्यांनी तसंच लिहून घेतलं. मी शेजारीच उभी होते. तोंड उघडलं नाही. पुढं चार महिनेही मिळाले नाहीत आपल्याला.

मागच्या आठवड्यात पोरीनं हट्ट केला, माझ्या मैत्रिणीच्या लग्नाला एक तरी नवा ड्रेस घाल. "तुझा साइज काय गं?" मी जुनाच सांगितला. काल पार्सल आलं. ती फोन घेऊन फोटोला तयार, मी घालून आरशापुढं उभी राहिले. खांदा घसरून दंडावर आला. "आई, हँगरला अडकवल्यागत दिसतंय..." ती हसली, आणि हसता हसता मध्येच थांबली. आरशातून माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, "रेडिमेडचं मेलं मापच खोटं. परत पाठव." फोन परत पाठवायचं कारण विचारत होता. 'मोठा आला' यावर तिनं बोट ठेवलं. बघ की आई, त्या भिकार, माया नसलेल्या चिंधीनं एका क्षणात दाखवलं ते माझ्या पाच ब्लाउजांनी सहा महिने झाकून ठेवलं होतं. झाकली मूठ म्हणतात ना, तशी गत. तुझी शिकवण खोटी नव्हती. मीच ती भलत्या कामाला लावली.

काल संध्याकाळी तिनं न विचारता माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली. आज ऑफिसला गेली नाही. डोकं दुखतंय म्हणते. विचारत मात्र काहीच नाही. आणि हे न विचारणं मी ओळखते, कारण ते माझंच आहे. आई, मला कळलं होतं. दुसऱ्या टिपेलाच कळलं होतं. टीप मारताना हात थांबला होता माझा. काय होतंय गं तुला, एवढंच तर विचारायचं होतं. पण तू "कायतरी हाय खरं" म्हणाली असतीस तर मग मी काय करणार होते? म्हणून हिरॉईन म्हणाले आणि पुन्हा पायडल मारलं.

आता ती चहा घेऊन आलीय. तिला सगळं सांगायचं म्हणूनच मी मघाशी मशीनपाशी बसले होते, आणि गिऱ्हाइकांच्या मापांची वही ओढून तुलाच लिहीत सुटले. तू दचकणार नाहीस, रडणार नाहीस, चल दवाखान्यात म्हणणार नाहीस. ती विचारते, "काय लिहितेस गं आई?"

"मापं," मी म्हणते.

"कुणाची?"

ती दारातून हलत नाही. चहा निवत चाललाय. मला फार भीती वाटतेय, आई. आणि तुझ्यापासून काय लपवायचं, तिनं नुसतं "बरं" म्हणावं आणि निघून जावं, असं मला अजूनही वाटतंय.